उघडी पाइपलाइन

चेरमन मानसिंगरावांनी गोबरगॅसची पाइपलाइन वाढवून मुलाच्या नव्या घरात नेली, ती बनुबाईच्या चुलीमागच्या भिंतीला लागून, उघडीच. "वास येतुया, पाइप जमिनीत पुरा," बनुबाईनं कैकदा सांगितलं. "शेणाचा वास तुला नवा हाय व्हय?" ते हसले. परवा बैलगाडीच्या धक्क्यानं सांधा निखळला, चुलीपाशी भडका उडाला आणि तिची सून भाजून मिरजेच्या दवाखान्यात पडली. चेरमननी सांध्याला चिंधी गुंडाळली. आज तालुक्याचे साहेब गॅसवरचा चहा प्यायला आले, तेव्हा बनुबाईनं टाकीजवळचा कॉक बंद केला आणि तिथंच फतकल मारली. "ऊठ, पाव्हणं खोळंबल्यात!" चेरमन ओरडले. "खोळंबू द्या. माजी सून तिकडं तडफडतीया. चर खणा, मगच उठीन." साहेबांनी चहाविना रिकामीच कपबशी खाली ठेवली आणि चेरमनना म्हणाले, "आधी चर खणा." गड्यांनी कुदळी आणल्या. चेरमन फणकारले, "झालं समाधान?" चरात डोकावून ती म्हणाली, "आजून हातभर खोल."