पवनीचे चौदा आठवडे

“दुसऱ्याच्या चित्रपटाचा शेवट कापणारा माणूस दरोडेखोरापेक्षा वाईट,” चंद्रकुमार म्हणाले. “दरोडेखोर निदान तोंड तरी लपवतो.”

चष्मा लावून वासुदेवराव समोरचे प्रतिज्ञापत्र तिसऱ्यांदा वाचत होते.

चंद्रकुमार एकोणऐंशी वर्षांचे होते. दुखरा गुडघा घेऊन ते मुंबईहून नागपूरला आणि तेथून भाड्याच्या गाडीने पवनीला आले होते. जन्म इंदूरच्या मराठी घरातला, हयात हिंदी चित्रपट दिग्दर्शित करण्यात गेलेली. एके काळी त्यांचे तीन चित्रपट एकाच वर्षी रौप्यमहोत्सवी ठरले होते आणि निर्माते सकाळी सातपासून त्यांच्या दारात उभे राहत. गेल्या बावीस वर्षांत मात्र त्यांना एकही चित्रपट मिळाला नव्हता.

आता त्यांचा १९८६ सालचा ‘बाँध के उस पार’ पुन्हा प्रदर्शित होणार होता. त्यात नायकाचे गाव धरणात जाते. लग्न लागते त्याच रात्री पाणी चढते, नायक गाव सोडत नाही आणि बुडतो. हक्क विकत घेणाऱ्या कंपनीने ठरवले होते की बुडणे काढून टाकायचे आणि लग्नावर चित्रपट संपवायचा.

“तिशीतला पोरगा मला सांगतो, ‘सर, आम्ही तुमचा चित्रपट वाचवतोय!’ दोन तास बाहेर बसवून ठेवलं आणि वर हे ऐकवलं! म्हणे, त्या शेवटामुळेच चित्रपट पडला. मुंबईत एक आठवडा, दिल्लीत चार दिवस. मान्य! पण पवनीत?”

“चौदा आठवडे,” वासुदेवराव म्हणाले. “रोज तीन खेळ.”

“तेच शपथेवर सांगा. न्यायालयात मला एवढंच सिद्ध करायचं आहे की माझा शेवट प्रेक्षकांनी स्वीकारला होता. अख्ख्या देशात तुमच्या गावाखेरीज माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.”

वासुदेवरावांनी भंडाऱ्याच्या आयटीआयमधून वीजतंत्रीचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि एकतीस वर्षे पवनीच्या टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवला होता. टॉकीजच्या जागी आता लग्नाचे लॉन होते. या चित्रपटाची प्रत न्यायला वितरकाकडून कोणी आलेच नाही, म्हणून तिचे सोळा डबे त्यांनी घरच्या माळ्यावर जपून ठेवले होते. आज ते पलंगावर क्रमाने मांडलेले होते.

“पहिल्या दिवशी काय झालं होतं?” चंद्रकुमारांनी विचारले.

“लोकं चिडले होते जी. खुर्च्या तोडल्या. मालकाच्या अंगावर धावून गेले.”

“आणि मग?”

“मंग चालला.”

“पाहिलंत!” चंद्रकुमारांनी पलंगावर हात आपटला. “सत्य पचायला एक दिवस लागतो. या वैनगंगेच्या काठी तेव्हा धरणाची चर्चा सुरू होती. ज्यांची गावं बुडणार होती त्यांना माझा शेवट कळला. काचेच्या केबिनमध्ये बसणाऱ्यांना काय कळणार?”

ते एकेक डबा उघडू लागले. फीत खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी पाहिली. रोजच्या खेळांनी कडा तेलाने काळ्या पडलेल्या, मधे उभ्या रेघा, जागोजागी सांधे. पंधरा डबे असेच होते. सोळावा उघडताच मात्र त्यांचा हात थांबला. फीत नव्यासारखी चकाकत होती.

“हा शेवटचा भाग,” त्यांचा आवाज ओला झाला. “हा तुम्ही वेगळा जपलात.”

“हो जी,” वासुदेवराव म्हणाले. “याले लय सांभाळलो.”

“मुंबईत माझ्याच साहाय्यकांनी माझी पोस्टर रद्दीत दिली. आणि इथे एक माणूस चाळीस वर्षं माझा शेवट सांभाळत बसला! करा सही.”

वासुदेवरावांनी चष्मा काढून पुसला. “शपथेवर लिहाचं हाय न साहेब. घाई काहून करता? उद्या सकाळी केली तं नाही चालणार?”

“परवा तारीख आहे. तुम्हीसुद्धा त्या कंपनीला घाबरता?”

“कंपनीले कायले घाबरू जी?”

“मग कोणाला?”

वासुदेवरावांनी पेनाचे टोपण काढले, कागद गुडघ्यावरून पाटावर घेतला आणि कडा सरळ केल्या. एवढ्यात त्यांच्या पत्नी कुंताबाई चहा घेऊन बाहेर आल्या. पाहुण्यांकडे पाहून त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला.

“तू आत जाय न,” वासुदेवराव म्हणाले. “आमचं काम चालू हाय.”

“अहो, बसू द्या त्यांना!” चंद्रकुमारांनी कप हातात घेतला. “वहिनी, तुम्ही पाहिला होता माझा चित्रपट?”

“आत्ता गा माय! पायला का म्हून काय इचारता? ऑपरेटरची बायको मी, मले कोण तिकीट मांगते? नऊ डाव पायला. पयल्या दिवशी तेवढी मी माहेरी होती, आंबागडले.”

“मग तुम्हीच सांगा यांना,” चंद्रकुमार समाधानाने मागे टेकले. “शेवट कसा वाटला होता?”

वासुदेवरावांचा पेन कागदावर टेकून तसाच राहिला.

“लय गोड जी,” कुंताबाई हसून म्हणाल्या. “त्या दोघाइचं लगन लागते, सनई वाजून राहते, आन टॉकीजचे लाईट लागते. लोकं कसे शिट्ट्या मारत घरी जात!”