सतरा नंबरचं गोंदण

“भाऊबीजेच्या आत शेवंती गेली पाहिजे,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी डावा हात डॉक्टर उर्वीपुढे धरला.

मनगटाच्या वर तीन हिरवी अक्षरं होती, सुईने कोरल्यासारखी. उर्वीला नेमकं असंच गोंदण हवं होतं. टेंभी नाक्याजवळच्या त्या क्लिनिकमध्ये नव्या लेझरवर अभ्यास चालला होता. आयाबायांच्या अंगावरचं, हाताने टोचलेलं जुनं गोंदण सहा सिटिंगमध्ये किती फिकटतं, ते मोजायचं होतं.

नियम मात्र कडक. समोरचं माणूस कोण, हे डॉक्टरला कळू द्यायचं नाही. नावगावाचे कागद क्लिनिकमधल्या मदतनीस मितेशकडे लखोट्यात बंद. दिवा गावाहून आलेल्या या बाईंना मिळाला सतरा नंबर.

“सतरा म्हटलेलं चालेल मला,” बाई खुशीत म्हणाल्या. “बरंच वाटेल उलट.”

होळी नुकतीच झाली होती. सहा-सहा आठवड्यांनी सिटिंग म्हणजे दिवाळी गाठणं जेमतेम जमणार होतं. उर्वीने बाईंच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि मशीन सुरू केलं.

“शाईचा मी फक्त भुगा करते मावशी. तो वाहून न्यायचं काम तुमचं शरीरच करणार. हळूहळू.”

“हळूहळूच जाऊ दे. आली तेव्हा मात्र एका दुपारात आली होती.”

उर्वीच्या पोटात प्रश्न राहत नसे. दुसऱ्या सिटिंगला तिने विचारलंच, “शेवंती कोण हो मावशी?”

“होती एक. आमच्याच घरात राहायची. बेचाळीस वर्षं.”

“सवत?”

बाई मनापासून हसल्या. “सवत परवडली. ती भांडते तरी. हिने कधी तोंड उघडलं नाही.”

“आणि नाव तुमच्या हातावर कुणी घातलं?”

“सासूने. हळद उतरली नव्हती अंगावरची, तर गोंदणारणीला दारात बसवलं. मी विसरू नये म्हणून.”

 नव्या नवरीला घरातली तिची जागा दाखवायची ही कसली तऱ्हा! डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत उर्वी त्या कधी न पाहिलेल्या सासूला मनातल्या मनात फाडून खात होती.

चौथ्या सिटिंगला ‘शे’ची मात्रा पुसट झाली होती. पण त्याच दिवशी अभ्यासाच्या अर्ध्या वाटेवरचा एक फॉर्म भरायचा होता, आणि त्यात एक प्रश्न होता: हे गोंदण काढण्यामागे एखाद्या व्यक्तीवरचा राग आहे का? उत्तर ‘हो’ आलं, की लेझर तिथेच थांबवायचं. रागाच्या भरात खूण पुसायची आणि मग जन्मभर हळहळायचं, असं कुणाचं होऊ नये म्हणून ही काळजी.

उर्वीने पेन उचललं आणि ते तसंच हातात राहिलं. राग नसेल कसा? तिला तर ऐकूनच आला होता.

“मावशी, खरं सांगा. शेवंती आता कुठे आहे?”

“मालक गेले गेल्या वर्षी. त्यांच्या मागोमाग तीही निघाली. जरा रेंगाळतेय, एवढंच.”

म्हणजे बिचारी अंथरुणाला खिळली असणार. मरणाच्या दारातल्या बाईचं नाव आपण पुसतोय, असं वाटून उर्वीला अपराधी वाटलं.

“राग आहे तुमचा तिच्यावर?”

बाईंनी पुसट अक्षरांवरून बोट फिरवलं.

“होता. लई होता. पण माझी पोरं तिनेच वाढवली, डॉक्टरीणबाई. सासूचं हगणंमुतणं तिनेच काढलं. पहाटे चारला उठून पाणी तिनेच भरलं. तिच्यावर कसली रागवू? दमली ती. आता तिला सुट्टी द्यायची.”

इतक्यात बाईंचा फोन वाजला. त्यांनी सवयीने तो स्पीकरवर टाकला. पलीकडे गावाकडचा खणखणीत म्हातारा आवाज होता.

“कमळे! औंदा भाऊबीजेला येतीस ना गं?”

“येते, दादा. एकटीच येते.”

“एकटीच ये. दुसरं कुणी नको,” म्हातारा म्हणाला आणि दोघं खळखळून हसली.

“माझा भाऊ,” फोन ठेवत बाई म्हणाल्या. “एवढ्या वर्षांत शेवंतीचं नाव म्हणून तोंडातून काढलं नाही त्याने. सासूशी भांडला त्यापायी. सण तुटला आमचा.”

उर्वीने फॉर्मवर ‘नाही’वर खूण केली. अशी सवतीची बाजू घेणारी बाई तिने जन्मात पाहिली नव्हती. पण रागाचा मागमूस नव्हता, एवढं मात्र खरं. लेझर पुढे चालू राहिलं.

दिवाळीच्या तोंडावर, सहाव्या सिटिंगला, उर्वीने हात उजेडात धरला. ‘ती’चा एक हिरवट ठिपका तेवढा उरला होता. शेवटचा झोत मारला, तेव्हा बाईंनी दात आवळले नाहीत. त्या हळूच पुटपुटल्या, “जा बाई. सुखी राहा.”

उर्वीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते लपवलंही नाही.

“मावशी, तुमच्या हाताचा फोटो अहवालात छापू ना?”

“छापा की. पण खाली सतरा नको. माझं नाव घाला. नियम-बियम संपला ना तुमचा?”

“आज संपला. पूर्ण नाव सांगा, लिहून घेते.”

“ऐकून लिहू नका, चूक होईल. आता चूक चालायची नाही.” बाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला कागद काढला. “परवाच आला. बघून लिहा.”

सरकारी राजपत्राचं पान होतं. बाईंनी लाल पेनाने दोनच ओळींभोवती चौकट आखली होती.

जुने नाव : शेवंती धोंडीबा शेळके.

नवे नाव : कमळा धोंडीबा शेळके.