वापरामुळे झालेलं नुकसान

"ही पोकळ," टकटकराव म्हणाले आणि फरशीवर खडूने फुली मारली. "हीसुद्धा. खाली सिमेंट कमी, हवाच जास्त."

नवी घरं तपासून देणं हा त्यांचा धंदा. लाकडी मुठीची छोटी हातोडी घेऊन भिंती-फरशा ठोकत फिरायचे, म्हणून हे नाव. खरं नाव आठवायला आता त्यांच्या बायकोलाही वेळ लागत असावा.

या घराची वॉरंटी आज संध्याकाळी पाचला संपत होती. त्याआधी यादी बिल्डरच्या ऑफिसात पोचली नाही, तर पुढची सगळी दुरुस्ती मालकाच्या गळ्यात.

"तहान लागली की विहीर खणायची, अशी आमची तऱ्हा," मालक हसत म्हणाला. चांगला गप्पिष्ट माणूस होता. "ही आठवडाभर मागे लागली होती, तपासून घेऊ, तपासून घेऊ. म्हटलं, फुकट ते पौष्टिक. बोलवा!"

टकटकराव पुढच्या खोलीत गेले, तशी बायकोही गेली आणि तिच्या मागोमाग मालक. काय जोडी आहे, त्यांना वाटलं, क्षणभर एकमेकांना विसंबत नाहीत.

टकटकरावांच्या याद्या दोन. पहिली बिल्डरच्या चुकांची. दुसरीचं नाव 'वापरामुळे झालेलं नुकसान', म्हणजे राहणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने करून ठेवलेलं. त्याचं बिल्डर काही देणं लागत नाही. ही दुसरी यादी बहुतेक वेळा कोरीच राही. आपली पापं बिल्डरच्या माथी मारायला लोक टपलेलेच असतात.

पहिली यादी भराभर भरली. बाथरूमचा उतार उलटा. खिडकीखाली ओल. फरशा अकरा. मग आतल्या बेडरूमच्या दाराशी ते थबकले.

"कडी बाहेरून? सुतार डुलक्या घेत होता की काय! घालतो पहिल्या यादीत."

"सुताराने नाही," बायको म्हणाली. "ती ह्यांनी बसवली."

"मांजर शिरतं हो आत," मालक घाईने म्हणाला. "आणि बसवली असली तरी बिल्डरच्या नावावर खपवा की."

"अजिबात नाही. एक खोटी तक्रार सापडली, तर ते अख्खी यादी केराच्या टोपलीत टाकतील. मग ती ओल बसा पुसत."

मालकाने जरा विचार केला. "बरं, लिहा. मीच बसवली."

बाथरूमच्या दाराची आतली कडी स्क्रूसकट उखडलेली होती.

"लाकूड हलकं असेल," मालक म्हणाला.

"लाकूड उत्तम आहे. बाहेरून लाथ बसलीय याला." एवढ्या वर्षांच्या अनुभवात दारं त्यांच्याशी बोलायची.

"तेच लिहाल ना?" बायकोने विचारलं. "कशामुळे झालं तेसुद्धा?"

"अहो, ही आत अडकली होती," मालक म्हणाला. "उघडेना. मग मारली मीच लाथ."

"नशीब तुमचं, हे घरी होते," टकटकराव तिला म्हणाले आणि लिहून घेतलं.

कपाटाशेजारच्या भिंतीचा गिलावा एका जागी आत दबला होता. कपाट सरकवताना लागलं, असं मालक म्हणाला. कपाट तर भिंतीतच बांधलेलं होतं. पण ज्याची भिंत तो जाणे. 'जोराचा आघात. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे कपाट हलवताना,' असं त्यांनी लिहिलं.

"जमिनीपासून किती उंचीवर आहे, तेही टाका," बायको म्हणाली.

आता मात्र टकटकराव वैतागले. ओलीबद्दल या बाईने चकार शब्द काढला नव्हता, आणि जे कधीच भरून मिळायचं नाही त्याचाच हिला पुळका. तरी त्यांनी टेप लावला. चार फूट दहा इंच.

"बघितलंत?" मालक म्हणाला. "हिला सगळीकडे खोटच दिसते."

साडेतीनला काम उरकलं. दोन्ही याद्यांवर मालकाने झोकदार सही ठोकली.

"इतका सरळ माणूस मी तरी पाहिला नाही," टकटकराव मनापासून म्हणाले. "लोक कबूल करत नाहीत हो."

त्यांनी बिल्डरच्या ऑफिसला फोन लावला. ओलीचं ऐकल्यावर तिथला माणूस म्हणाला, प्लंबर तासाभरात पाठवतो, घरी कुणीतरी थांबा. आणि यादी द्यायला मालकांपैकी एकजण या. घर दोघांच्या नावावर होतं.

मालक अडचणीत सापडला. बायकोकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "प्लंबर येणार म्हणजे मलाच थांबायला हवं. हिला एकटीला नको परक्या माणसाबरोबर." मग टकटकरावांच्या पांढऱ्या केसांकडे पाहून म्हणाला, "तुम्ही वडीलधारे. घेऊन जा हिला, आणि परत आणून सोडा. कुठे थांबू नका."

"अहो, लेकीसारखी आहे मला. काळजी नको."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती ताठ बसून होती. मग तिने दोन्ही याद्या मांडीवर घेतल्या आणि एकेक ओळ वाचू लागली. त्यांचं पेन मागून तिने पहिलीच्या तळाशी सही केली आणि पुन्हा मागे वळून रस्ता पाहिला.

"घाबरू नका, ताई. पाचच्या आत पोचतोय," टकटकराव म्हणाले. "पहिली यादी तेवढी जपा. दुसरी फाडून टाकलीत तरी चालेल. तिला कोण विचारतंय?"

"इथे थांबवा."

"इथे? ऑफिस तर पुढच्या चौकात आहे."

"पहिली यादी तुम्ही द्या तिथे. त्यांना सांगा, माझी सही केली आहे खाली." तिने तो कागद त्यांच्या हातात ठेवला आणि दार उघडलं. "आणि मला न्यायला परत येऊ नका, काका."

दुसरी यादी छातीशी धरून ती रस्ता ओलांडून गेली आणि समोरच्या पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढू लागली.