अंगठी निघेना

अंगठी काही केल्या निघेना. साबण लावून झाला, तेल लावून झालं, बोटाला दोरा गुंडाळून ओढूनही झालं. चष्मेवाले मोरीत नळाखाली हात धरून उभे होते आणि बोट लालबुंद झालं होतं. टॉवेल घेऊन दारात उभ्या असलेल्या बायकोला हसू आवरत नव्हतं. लग्नाला जेमतेम काही महिने झाले होते. दोघांचेही केस पिकलेले, पण तिच्या हातचं जेवून नवरोबांनी चांगलंच अंग धरलं होतं, आणि ते आज बोटाशी येऊन अडलं होतं.

एरवी अंगठी अडकली म्हणून कोणी एवढा आटापिटा करत नाही. पण बाहेर अंगणात लाल, बुटकी, दोनच माणसांची जुनी स्पोर्ट्स कार उभी होती आणि ती धुवायची होती. चष्मेवाले तिला तळहाताच्या फोडासारखं जपत. जन्मभर चष्म्याच्या काचा विकल्यामुळे चरा म्हटलं तरी त्यांच्या अंगावर काटा येई. गाडी धुताना मनगटावर घड्याळ नाही, कमरेला पट्टा नाही, बटणाचा शर्टसुद्धा नाही. अंगठी तर नाहीच नाही. तिचा खडा वर आलेला होता, गाडी धुण्याच्या जाड हातमोज्यातूनही टोचायचा. दुपारी जुन्या गाड्यांच्या क्लबाची शहरातून फेरी निघणार होती, आणि पहिल्या रांगेत कोणाकोणाला घ्यायचं ते ठरवायला क्लबाचे सेक्रेटरी घरोघर फिरत होते.

मग धुवायची कशी? तिने वॉशिंग सेंटरचं नाव काढलं. तिथल्या ब्रशांत साऱ्या गावाच्या गाड्यांची माती असते, असं ऐकायला मिळालं. जोराच्या फवाऱ्याने म्हणे जुना रंग सुटतो. शेजाऱ्यांच्या ड्रायव्हरला बोलवावं तर तो ज्या फडक्याने चाकं पुसतो त्यानेच काचा पुसतो. मग उजव्या हाताने धुऊन बघा, ती म्हणाली. चष्मेवाले डावखुरे. उजव्या हातात मोजा घालून त्यांनी जेमतेम बॉनेटला लावला, तोच तो निसटून फरशीवर पडला. खाली पडलेला मोजा गाडीला पुन्हा लावायचा नाही, असा त्यांचाच नियम होता. त्यांनी हात टेकले.

कोपऱ्यावर सोनाराचं दुकान होतं. ते दोघांनाही एकदमच आठवलं असावं, कारण दोघांनीही एकदम अंगठीकडे पाहिलं.

"कापून आणा की," ती म्हणाली. "सोनंच आहे, परत जोडता येतं."

आवाज तिने अगदी सहज ठेवला होता. खरं तर त्यांनी नको म्हणावं असं तिला फार वाटत होतं, आणि तेही झटकन. या घरात गाडी तिच्या आधीपासून होती. त्या गाडीपुढे आपण कोण, हे तिला अजून कळलं नव्हतं, आणि या वयात असलं काही विचारायची लाज वाटत होती.

चष्मेवाल्यांनी आधी हात पुसला. त्यांनी बोटाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पुन्हा बोटाकडे पाहिलं. मग कपाटातून कोरा मोजा काढला, साबणाच्या बादलीत बुडवला आणि तिच्यापुढे धरला.

"तुम्ही धुवा," ते म्हणाले.

त्या गाडीला त्यांनी सख्ख्या भावालाही कधी हात लावू दिला नव्हता. तिला इतका आनंद झाला, की मोजा उलटाच घातला गेला.

वरून खाली या, गोल गोल नको, सरळ हात फिरवा, मोजा आधी साध्या पाण्यात खळबळा. सूचनांमागून सूचना देत चष्मेवाले तिच्या मागे मागे फिरत होते. मधूनमधून श्वासही घेत चला, असं तिने त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले, आणि हळूहळू सूचना थांबून गुणगुणणं सुरू झालं. टपाच्या मधोमध तिचा हात पोचेना. तिने डावा हात दारावर टेकवला आणि टाचा उंच करून उजवा पुढे नेला. हात चांगला आहे तुमचा, असंही ते म्हणाले.

मऊ फडक्याने पाणी टिपल्यावर गाडी नुसती झळझळत होती. आणि तेव्हाच तिला दारावर चरा दिसला. बोटभर लांब, पांढरा, जिथे तिने डावा हात टेकवला होता तिथेच. लग्नात दोघांनी एकाच दुकानातून जोडीच्या अंगठ्या घेतल्या होत्या. सकाळपासून दोघं एका अंगठीशी झटत होती, दुसरीची आठवण कोणालाच झाली नव्हती.  आता सांगून टाकावं म्हणून ती वळली, तर फाटकातून सेक्रेटरी आत येत होते.

सेक्रेटरींनी गाडीभोवती फेरी मारली, मान हलवली, दारापाशी वाकले आणि तिथेच थांबले.

"हा चरा नवा दिसतोय," ते म्हणाले. तोंड दुखवट्याला आल्यासारखं झालं होतं. "तुमच्या गाडीला?"

चष्मेवाल्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. तिने तो उतरताना पाहिला. मग त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. तो तिने टॉवेलात लपवला होता.

"मग पहिल्या रांगेत कसं घेणार?" सेक्रेटरी म्हणाले.

"दुसऱ्या रांगेत घ्या," चष्मेवाले म्हणाले. "घरात आता माणूस आहे. एवढं लागायचंच."