ओळखदार

"आजींचे ओळखदार कोण?" क्रूझच्या खिडकीवरच्या मुलीने विचारलं.

"मी. मुलगाच आहे," म्हणत सुधन्वाने आठवण वाचणारी पट्टी कपाळाला लावली. कागदपत्रं कुणीही खोटी बनवू लागल्यापासून बोटीवर चढायला जवळच्या माणसाच्या आठवणीतला चेहरा पुरावा म्हणून लागायचा. त्याने डोळे मिटून आईचा चेहरा आठवला. पडद्यावर काळ्याभोर केसांची बाई उमटली. शेजारी व्हीलचेअरवर बसलेल्या कालिंदीबाईंचे केस पांढरे होते आणि डावा गाल अर्धांगवायूने ओघळला होता.

"सर, हा वीस वर्षांपूर्वीचा चेहरा आहे. आताचा आठवा."

रोज आईबरोबर एकाच टेबलावर जेवत असूनही पुन्हा तीच बाई उमटली. मागची रांग पडद्याकडे बघत होती. सुधन्वाचे कान तापले.

शेवटी बॅगा पोचवायला आलेल्या, आईला सांभाळणाऱ्या मंदाताईंनी पट्टी लावली. ओघळलेला गाल लगेच उमटला. हिरवा दिवा लागला.

"त्याला कामं फार असतात हो," कालिंदीबाई खिडकीकडे बघून म्हणाल्या आणि मुलाची ओळख द्यायला त्यांनी पट्टी स्वतःच्या कपाळाला लावून घेतली.

पडद्यावर सुधन्वा उमटला, आज दाढी करताना हनुवटीखाली राहून गेलेल्या दोन केसांसकट.

मान वर न करता त्याने हनुवटी चाचपली. केस तिथेच होते.