ढब्बूचे ठोके

ढब्बूची छाती उघडली तेव्हा सासूबाई मास्कच्या आतून म्हणाल्या, "एवढासा जीव आणि केवढा गोंगाट!"

कुत्र्याच्या या पिल्लाच्या हृदयाशेजारची एक रक्तवाहिनी जन्मानंतर मिटायला हवी होती, ती मिटलीच नव्हती. तिच्यातून रक्त सारखं फुफ्फुसाकडे परत घुसत होतं. बोट टेकवलं की खळखळ हाताला लागायची. ती बांधली नसती, तर ढब्बू फार दिवस काढणार नव्हता.

सासूबाई जनावरांच्या दवाखान्यातल्या जुन्या सर्जन. हात चपळ, आणि त्या हाताला आवर घालायची कुणाची छाती नव्हती. सून टेबलाच्या डोक्याकडे भूल सांभाळत बसली होती. इथे ती त्यांना मॅडमच म्हणे.

वाहिनीवरून एक पांढरा मज्जातंतू गेला होता. झोपलेल्या बाळाचा हात सरकवावा तसा सासूबाईंनी तो अलगद बाजूला घेतला, खालून जाड दोरा ओवला आणि गाठ आवळायला घेतली.

"मॅडम, ठोके उतरतायत."

"उतरणारच. ही वाट बंद झाली की महाधमनीत दाब वाढतो, तिच्या भिंतीतले मज्जातंतू लगेच मेंदूकडे चहाडी करतात, मग हृदय दबकतं. येईल जागेवर."

गाठ आणखी आवळली. यंत्राच्या दोन टिकटिकींमधलं अंतर वाढलं. वाढतच गेलं.

"आई, थांबा! सोडा ती गाठ!"

नर्सच्या हातातला चिमटा तसाच अधांतरी राहिला. सासूबाईंची बोटं थिजली, मग सैल झाली. सुनेनं नळीतून औषध सोडलं. सगळे नुसते ऐकत उभे राहिले. हळूहळू ठोके सावरले.

"आता?" सासूबाईंनी विचारलं.

"आता. पण मी सांगेन तसं."

सून 'थोडं' म्हणाली की त्या थोडं आवळत, 'बस' म्हणाली की थांबत. शेवटी बोटाखालची खळखळ पार विरून गेली. ठोके मात्र शहाण्यासारखे चालू राहिले. सासूबाईंनी बोट जरा वेळ तिथंच ठेवलं.

नंतर हात धुताना सून नजर चुकवत म्हणाली, "मघाशी ओरडलेच मी. तेही सगळ्यांसमोर."

सासूबाईंनी नळ बंद केला. टॉवेलचं कोरडं टोक तिच्या हातात दिलं.

"घरी तर तुझा आवाजच ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या. "तिथंही अशीच ओरडत जा गं."