तासाभराचा समुद्र

जालिंदर गुरुजींनी नेहमीप्रमाणे वंदना आटोपली, दाढी केली आणि शाळेत न्यायचा ॲटलास हातात घेतला. स्वयंपाकघरात भामाबाई भाकऱ्या थापत होत्या. दोन झाल्या होत्या, तिसरी तव्यावर होती. सातच्या बातम्यांसाठी रेडिओ मात्र आज कोणी लावला नव्हता.

आदल्या संध्याकाळी श्रीगोंद्याच्या चौकातल्या एसटीडी बूथवर पोर्ट ब्लेअरहून प्रज्ञाचा फोन आला होता. पाचव्या महिन्यात तिचा गर्भ गेला, त्याला महिना होत आला. शेजारच्या एका बंगाली बाईने तिला दवाखान्यात नेले, परत आणले. जावई सम्राट नोकरीसाठी दुसऱ्या बेटावर, कार निकोबारला असे. तो अजून आला नव्हता. "त्यांना विमानच मिळत नाही, आई," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणाली होती.

"आवं," भामाबाईंनी विचारले, "त्या दोन बेटांत किती अंतर हाय?"

गुरुजींनी ॲटलास उघडला. देशाच्या नकाशाच्या कोपऱ्यात, चौकटीत, ती बेटे होती. मुलांना नद्यांची लांबी मोजायला शिकवण्याचा दोरा त्यांनी खिशातून काढला, एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणला आणि खालच्या प्रमाणपट्टीवर धरला.

"पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास."

"आकडा नगं. इमानाला किती येळ लागतो?"

गुरुजी दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिले. "तासभर."

"आपली एसटी नगरला जायाला त्याच्याहून जास्ती घेती."

"हवा बिघडली की विमान सुटत नाही, भामा."

"महिनाभर हवा बिघडलेलीच हाय?"

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला, तरी भामाबाईंनी ती उलटली नाही.

"तुमाला हे आधीच ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "दोरा उगा माझ्यासाठी काढला."

"होतं. गावातला सूर्यभान हवाई दलात असताना तिकडे होता. काल रात्रीच त्याला विचारलं. आठवड्याला एखादं विमान जातंच म्हणाला." गुरुजींचा आवाज खाली आला. "सम्राटला पत्र टाकलंय. त्याचं उत्तर येऊ दे. त्यानं पाठवल्याशिवाय आपण पोरगी आणली, तर उद्या तोच म्हणेल, तुम्हीच नेलीत. तिचा संसार मोडेल."

"तिकडं संसार न्हाई. निस्ती खोली हाय. मुऱ्हाळी धाडा आन् लेक घरी आना."

"मुऱ्हाळी म्हणून भाऊ जातो. तिला भाऊ कुठंय?"

"आई हाय."

"बाई कधी लेकीला आणायला मुऱ्हाळी गेलीय?"

"जवळ असतं तवा बाप्ये जात्यात."

गुरुजींना हसू आले नाही. दौंडपर्यंत एसटी, तिथून मद्रासची गाडी, पुढे बोटीत तीन-चार दिवस. नकाशावर त्यांनी ही वाट कितीदा मुलांना दाखवली होती.

"तुला दौंडपर्यंतची एसटीसुद्धा लागते. बोटीत काय होईल?"

"वकंन. आनखी काय हुईल?"

गुरुजींनी ॲटलास फळीवर ठेवला, चपला घातल्या आणि सायकल बाहेर काढली. शाळा उजवीकडे होती. ते डावीकडे, एसटी स्टँडकडे वळले.

भामाबाईंनी करपलेली भाकरी उतरवली. उरलेले पीठ झाकले आणि दुसरी परात घेतली. पाण्यात मळलेली भाकरी दुसऱ्या दिवशी वाळते. दुधात मळलेली दशमी वाटेत टिकते. त्यांनी ज्वारीचे पीठ चाळले, सकाळच्या चहासाठी ठेवलेले सगळे दूध त्यात ओतले आणि मळायला सुरुवात केली.